आधी सुटतं कसं ते बघ

तू पाठवलेल्या फोटोंमधली ती चकचकीत लोखंडी बेडी तेवढी घेऊ नकोस. बाकीच्या वस्तूंचं एकेक करून बोलू, पण बेडीचं आधी सांगते, कारण तिच्यात जे चुकतं तेच पुढे प्रत्येक खरेदीत बघायचं आहे. लोखंडी कडं मनगटाच्या हाडावर बसतं. हात जरा ओढला गेला की त्याची कड अंगठ्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर रुतते. पोलिसांच्या बेडीत ती आणखी आवळू नये म्हणून एक वेगळा खटका असतो, स्वस्तातल्या बेडीत तो नसतो. त्यामुळे धडपडीत ती घट्टच होत जाते. अंगठ्याची पाठ बधिर होते आणि तो बधिरपणा कधीकधी आठवडेच्या आठवडे जात नाही. त्यात किल्ली पलंगाखाली घरंगळली की संपलंच.

म्हणून मनू, माझा निकष एकच आहे. वस्तू दिसते कशी, बांधते कशी हे नंतर. ती किती पटकन सुटते हे आधी बघ.

आणि हे विचारताना मेसेजमध्ये इतक्या वेळा ‘सॉरी ताई’ कशाला गं? तू एकतीस वर्षांची, निखिल तेहतीसचा. दोघांना कुतूहल आहे, दोघांची मर्जी आहे. यात ना कुणाचं वाईट होतंय, ना तुमच्या डोक्यात काही बिघाड झालाय. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांची जी नवी यादी केली, २०२२च्या जानेवारीपासून लागू झालेली, तिच्यातून दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने केलेला असला खेळ वगळून टाकलाय. आधीच्या यादीत तो विकृती म्हणून नोंदलेला होता. आपल्याकडे तर र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि शरीरसुखावर बाईचाही हक्क आहे हे उघड लिहिलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला हरले, तरी १९५३ साली जाईपर्यंत कर्व्यांनी अंक बंद पडू दिला नाही. त्यांच्या भाषेत वाढलेल्या मुलीने ताईला हे विचारताना माफी मागायची नाही.

आता पहिलं काम. अजून काही ऑर्डर करू नकोस, निखिलशी बोल. पलंगावर नको आणि भांडणानंतर तर नकोच नको. जेवण झाल्यावर फिरायला जाता ना, तेव्हा बोल. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, त्यामुळे अवघड गोष्ट तोंडातून निघते. मग घरी येऊन दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा: कशाला हो, कशाला कदाचित, कशाला नाही. एकमेकांचं बघून लिहू नका. नंतर कागद शेजारी ठेवा. ज्याला दोघांचंही ‘हो’ असेल तेवढ्यापासून सुरुवात करायची. ‘कदाचित’वर सावकाश बोलता येतं. ‘नाही’वर बोलायचं नाही, कारण विचारायचं नाही, तोंड पाडायचं नाही. त्याने कशाला ‘नाही’ लिहिलं असेल तर तुलाही ते पाळायचंय. पुरुषाला सगळं चालतंच असं आपण धरून चालतो, तसं मुळीच नसतं. डोळे बांधून घ्यायची भीती वाटणारे किती तरी पुरुष असतात.

त्याच बैठकीत थांबायचा शब्द ठरवा. ‘नको’, ‘पुरे’, ‘सोड ना’ हे शब्द लाडातही येतात, मस्करीतही येतात, म्हणून ते या कामाचे नाहीत. दुसराच कुठला तरी शब्द घ्या, जो अशा वेळी चुकूनही तोंडात येणार नाही. ‘कोथिंबीर’ घ्या हवं तर. पुष्कळ जण सिग्नलचे रंग वापरतात: पिवळा म्हणजे जरा हळू, काहीतरी खुपतंय, लाल म्हणजे आत्ता या क्षणी सगळं बंद. मला रंग आवडतात, कारण पिवळ्याची सोय होते. नुसता थांबायचा शब्द असला की माणूस ‘एवढ्यासाठी कशाला सगळं थांबवायचं’ म्हणून सोसत राहतो, आणि आपल्या पोरींना सोसायची सवय फार. लाल म्हटल्यावर समोरच्याने का, कशाला, अजून एकच मिनिट, यातलं काहीही बोलायचं नाही. आधी सोडायचं, पाणी द्यायचं, मग विचारायचं. हा शब्द एकदा उगाचच वापरून बघा. काही दुखत नसताना मध्येच ‘लाल’ म्हण आणि तो खरंच थांबतो का ते बघ. थांबला की तुझ्या अंगातला अर्धा ताण तिथेच उतरेल.

वस्तूंमध्ये माझ्या मते सगळ्यात गुणी वस्तू म्हणजे डोळ्यांवरची पट्टी. विमानात झोपायला देतात तसली मऊ, रबरी पट्ट्याची घे. गाठ मारायची घेऊ नकोस, केस अडकतात. दिसेनासं झालं की कान आणि कातडी जागी होतात. पुढचा स्पर्श कुठे होणार हे कळत नाही, त्यामुळे नेहमीचा हातही नवा वाटतो. तिच्याबरोबर मोरपीस घे. त्यासाठी वेगळं काही मागवायला नको, घरात असतंच. मानेच्या मागे, कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या मागे, पावलाच्या कमानीत ते अगदी सावकाश फिरवायचं. घाई केली की नुसत्या गुदगुल्या होतात. पट्टी बांधलेल्या माणसाला मुकाट ठेवू नका. अधूनमधून बोलत राहिलं की त्याला आपण कुठे आहोत याचा धीर राहतो. आणि ती सुटायची म्हणशील तर एका बोटाने वर सरकवली की झालं. तुमच्या वन-बीएचकेत, पलीकडच्या खोलीत सासूबाई असताना, बिनआवाजाचं हेच सगळ्यात सोयीचं.

हात बांधायचेत तर वेल्क्रोचे कफ घे. आतून मऊ अस्तर, रुंदी निदान दोन इंच. आले की आधी स्वतःच्या मनगटाला लाव. कफ आणि कातडी यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. मग हात ताणून बघ, दाब हाडावर येतोय की पसरून येतोय ते. मग दुसऱ्या हाताने, डोळे मिटून, एका झटक्यात तो काढता येतोय का ते बघ. चर्रकन आवाज होऊन सुटला पाहिजे. बकलाचे कफ दिसायला देखणे असतात, पण घाबरलेल्या बोटांना बकल सापडत नाही.

आता म्हणशील, घरात ओढण्या आहेत, नाड्या आहेत, कफ कशाला? अगं, ओढणीच सगळ्यात दगाबाज. रेशमी किंवा शिफॉनची असेल तर तिची गाठ ताण बसला की इतकी बारीक आवळते की नखाने सुटत नाही. निरगाठ तर नकोच, पण सुरगाठही ओढाताणीत जाम होते. शिवाय बारीक कापड दोरीसारखं रुततं. हौसेने ओढणीच घ्यायची असेल तर जाड सुती घे, मनगटाभोवती दोन-तीन रुंद वेढे घे आणि शेजारी कात्री ठेव. शिवणकामाची टोकदार नाही. ड्रेसिंग कापायची असते ती, खालचं पातं बोथट असलेली. ती कातडीला न टोचता कापडाखाली सरकते. मेडिकलच्या सामानाच्या दुकानात मिळते. ती हाताशी असल्याशिवाय काहीही बांधायचं नाही, आणि ओढणी महागाची होती म्हणून कापायला कचरायचं नाही.

बांधलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही. दाराची बेल वाजली तरी नाही, दूध उतू गेलं तरी नाही. आधी सोडायचं, मग उठायचं. गळ्याभोवती काही नको, पट्टा नको, ओढणी नको, हातही नको. गळ्यावरचा दाब किती झाला म्हणजे जास्त झाला हे बाहेरून कळत नाही, आणि शुद्ध जायला काही सेकंद पुरतात. हे मी कुठल्याच ‘कदाचित’च्या यादीत बसू देणार नाही. हात डोक्यावर बांधले तर फार वेळ तसे ठेवू नका. मधूनमधून बोटं हलवून दाखवायला सांगायचं. मुंग्या आल्या, बोटं गार पडली, रंग बदलला की लगेच मोकळं करायचं. आणि त्या रात्री दारू नको, दोघांनीही. दारूने दुखणं कळत नाही, आणि थांबायचं भानही सुटतं.

चाबकाचं तू लाजत लाजत विचारलंस. त्याला फ्लॉगर म्हणतात, मुठीला पुष्कळ पट्ट्या लोंबतात. मऊ कातड्याच्या, रुंद पट्ट्या असतील तर फटका पसरतो आणि नुसता धप्प लागतो. बारीक आणि ताठ पट्ट्या असतील तर झोंबतो. नवख्याने झोंबणारा घेऊ नये. आधी उशीवर हात बसवायचा, मग स्वतःच्या मांडीवर, मग जोडीदाराला विचारून. जागा ठरलेल्या: नितंबांचा मांसल भाग आणि मांड्यांची मागची बाजू. पाठीचा कणा, कंबरेच्या वर दोन्ही बाजूंना जिथे मूत्रपिंडं असतात ती जागा, माकडहाड, सांधे, मान, चेहरा, पोट यांच्याजवळही जायचं नाही. दोघांपैकी कुणी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर हा प्रकारच सोडून द्यायचा.

हे सगळं मी नव्याने सांगत नाहीये हो. कामसूत्रातलं दुसरं अधिकरण वाच. प्रणयातले हातांचे प्रहार वात्स्यायनाने नीट मांडलेत, अंगावरच्या जागांसकट. पण तिथेच त्याने अपघातही नोंदवलेत. चोल राजाच्या हातून चित्रसेना नावाची गणिका असल्याच एका प्रहाराने गेली. आणि कुंतलदेशाच्या शातकर्णी सातवाहनाच्या हातून त्याची राणी मलयवती. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचं घराणं गं. हे दाक्षिणात्यांचे प्रकार क्लेशदायक आणि अशोभनीय आहेत, असा वात्स्यायनाचा स्पष्ट निवाडा आहे. आवेगात माणसाला आपल्या हाताचा जोर कळत नाही, हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं. मला त्या मलयवतीचं फार वाईट वाटतं. तिच्याकडे थांबायचा शब्द नव्हता, आणि असता तरी राजाला तो कुणी ऐकवायचा?

चिमटे असतात, छातीला लावायचे. घ्यायचेच असतील तर स्क्रूने दाब कमी-जास्त करता येणारे घे. दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. लावताना दुखत नाही तितकं काढताना दुखतं, कारण अडलेलं रक्त एकदम परत येतं, तेव्हा दचकू नकोस. तोंडात घालायच्या बोळ्याच्या नादी सुरुवातीला लागूच नका, ज्याचं तोंड बंद त्याचा शब्द बंद. पुढेमागे वाटलंच तर त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा द्यायचा. जुडगा खाली पडला की लाल.

बर्फ चांगला, पण फ्रीझरमधून काढल्या काढल्या कातडीला लावू नये, चिकटतो. नळाखाली एकदा धरायचा. मेणाचा प्रकार मात्र अभ्यास करून करायचा. मधमाशीचं मेण साधारण ६२ अंशांना वितळतं, तेवढ्याने कातडी भाजते. सुगंधी आणि रंगीत मेणबत्त्यांचाही भरवसा नाही. यासाठी मुद्दाम केलेल्या, कमी तापमानाला वितळणाऱ्या मेणबत्त्या मिळतात. त्यांतला पहिला थेंब स्वतःच्या हातावर, हातभर उंचीवरून. उंची जितकी जास्त तितका थेंब निवत येतो. जवळ पाण्याचं भांडं, आणि पंखा बंद.

आता व्हायब्रेटर आणि शरीरात जाणाऱ्या वस्तू. इथे मी सगळ्यात कडक आहे, कारण इथे दिसण्यावर जाऊन लोक फसतात. ‘जेली’ म्हणून विकतात त्या पारदर्शक, लिबलिबीत, गुलाबी-जांभळ्या वस्तू बहुतेक पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसी मऊ करायला थॅलेट नावाची रसायनं घालतात. डबा उघडला की नव्या रेनकोटसारखा भपकारा येतो, तो आला की परत कर. या वस्तू सच्छिद्र असतात, धुतल्या तरी छिद्रांत जंतू राहतात. चांगल्या सिलिकॉनला वास नसतो, छिद्रं नसतात, आणि मोटर नसलेली सिलिकॉनची वस्तू पाच मिनिटं पाण्यात उकळून घेता येते. स्टेनलेस स्टील आणि बोरोसिलिकेट काच, म्हणजे प्रयोगशाळेतल्या भांड्यांची काच, याही चांगल्या. मात्र काचेला बारीकसा टवका गेला तरी ती टाकून द्यायची. या वस्तूंसाठी २०२१ साली आयएसओ ३५३३ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आलंय. विक्रेत्याला साहित्य कुठलं म्हणून विचार. उत्तर गुळमुळीत आलं की दुसरीकडे जा.

मागच्या बाजूला वापरायच्या वस्तूचं बूड रुंद हवंच हवं. तिथले स्नायू आत ओढतात, आणि वस्तू आत गेली की ती काढायला हॉस्पिटलच गाठावं लागतं. तशी वेळ आलीच तर लाजून घरी खटपट करत बसू नका, सरळ जा. डॉक्टरांना हे नवीन नसतं. मागे वापरलेली वस्तू धुतल्याशिवाय पुढे आणायची नाही. एकच वस्तू दोघं वापरणार असाल तर दर वेळी नवा निरोध चढवायचा.

आणि खोबरेल नको! मला माहितीये, हाताशी तेच असतं. पण खोबरेल असो, बेबी ऑइल असो की व्हॅसलीन, तेलकट काहीही लागलं की लॅटेक्सचा निरोध काही मिनिटांत कमकुवत होतो आणि फाटतो. पाण्याच्या बेसचं जेल घे. ते निरोधाला चालतं आणि सिलिकॉनच्या खेळण्यालाही. सिलिकॉनच्या जेलने सिलिकॉनचं खेळणं खराब होऊ शकतं. मध, चॉकलेट सिनेमात छान दिसतं, पण साखर योनीत गेली की बुरशीच्या संसर्गाला निमंत्रण. पोटावर, पाठीवर हवं तेवढं सांडा.

कायद्याचं म्हणशील तर अशा वस्तू घरात ठेवायला किंवा वापरायला बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही. अडतं ते ‘अश्लील’ वस्तू विकण्यावर आणि बाहेरून मागवण्यावर. कस्टमची त्यासाठीची अधिसूचना अजून १९६४ची चालतेय. ‘बॉडी मसाजर’ची एक आयात कस्टमने अडवली होती, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि मार्च २०२४मध्ये न्यायालयाने कस्टमचं म्हणणं फेटाळलं. हा माल बंदी असलेला नाही, आणि त्याचा असा वापर होईल ही अधिकाऱ्याची निव्वळ कल्पना आहे, असं सांगितलं. त्याआधी गोव्यात कळंगुटला २०२१ साली अशा वस्तूंचं एक दुकान उघडलं होतं, ते तक्रारी आल्यावर थोड्याच दिवसांत बंद झालं. कटकट अशी कुठेही होऊ शकते, म्हणून परदेशातून मागवायच्या भानगडीत तरी पडू नकोस. देशातल्या विक्रेत्याकडून घे. पार्सलवर काही लिहीत नाहीत, तेवढं आधी विचारून घे.

मोबाइलवरून चालणारी खेळणी मात्र टाळ. कॅनडातल्या एका कंपनीचं ॲप कधी, किती वेळ, कुठल्या वेगावर हे सगळं गोळा करत होतं. २०१७ साली कंपनीला ग्राहकांशी तडजोड करून लाखो डॉलर मोजावे लागले. तुमच्या खोलीतलं तुमच्या खोलीत राहिलं पाहिजे. तेच फोटो आणि व्हिडिओचं: काढायचेच नाहीत, हौस म्हणूनसुद्धा नाही.

खेळ संपला की लगेच पाठ फिरवून झोपायचं नाही. कफ काढल्यावर मनगटं चोळून द्यायची, पांघरूण, पाणी, काहीतरी गोड. अर्धा तास तरी जवळ राहायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात तुला उगाच उदास वाटलं, रडू आलं, तर घाबरू नकोस. इतक्या उत्तेजनेनंतर शरीर खाली उतरताना असं होतं. निखिललाही होईल, तेव्हा त्या दिवशी एकमेकांना एखादा फोन करा.

एक गोष्ट मात्र नीट ऐकून ठेव, आजपुरती नाही तर कायमची. ‘लाल’ म्हटल्यावर तो थांबला नाही, किंवा तू ‘नाही’ लिहिलेलं त्याने गोडीगुलाबीने, रुसून, ‘बायको आहेस ना’ म्हणून करायला लावलं, तर तो खेळ नाही. २००५च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट धरलेला आहे, नवऱ्याने केलेलासुद्धा. १८१ हा महिलांचा हेल्पलाइन नंबर. निखिलबद्दल मला तसं काही वाटत नाही, तरी सांगून ठेवते. हे मी कुणाही मुलीला सांगितलं असतं, आणि तुला तर सांगणारच.

पहिल्या ऑर्डरमध्ये पट्टी, वेल्क्रोचे कफ आणि पाण्याच्या बेसचं जेल एवढंच घे. फ्लॉगर दिवाळीनंतर बघू. कात्री मात्र आजच आण. आणि दोघांच्या मनगटांची मापं मला पाठव, कफची साइज मी बघून सांगते.